घड्याळाला वजन कळत नाही

निमित्त आमच्या नातवाचं मनगट!

नातू शिरूरला राहून पोलीस भरतीची तयारी करतो. (दौंडला राज्य राखीव पोलीस बलाचे गट असल्यामुळे इकडच्या पोरांच्या डोळ्यांपुढे लहानपणापासून खाकीच.) दिवाळीत आत्याने त्याला ते स्मार्ट घड्याळ दिलं. तोवर गडी जिममध्ये नेमाने वजनं उचलायचा. संक्रांतीला दौंडला आला तेव्हा कळलं, वजनं बंद! का? तर, "आप्पा, तासभर वजनं उचलली तर घड्याळ दीडशे कॅलरी दाखवतं, तेवढंच पळालो तर पाचशे." म्हणून आता नुसतं पळणं. अरे, पण मैदानावर 7.26 किलोचा गोळा घड्याळ फेकणार आहे का?

मी मराठी माध्यमातून बी.ए. केलेला मास्तर, यंत्रातलं मला काय कळणार, असं त्याचं म्हणणं. म्हणून हट्टाने वाचून काढलं. घड्याळात हालचाल ओळखणारा एक सेन्सर असतो. खालचा हिरवा दिवा कातडीवर उजेड पाडतो आणि परत येणाऱ्या उजेडावरून नाडी मोजली जाते. यात हातातलं डंबेल 5 किलोचं की 25 किलोचं, हे त्या बिचाऱ्याला कळणार कुठून? त्यातून बार घट्ट धरला की मनगट आवळतं आणि नाडीचा अंदाजही चुकू शकतो.

2017 साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी अशी सात यंत्रं तपासली. नाडी बहुतेकांनी बरी मोजली. पण खर्च झालेल्या कॅलरींत सगळ्यांत हुशार यंत्राची चूक 27 टक्के आणि सगळ्यांत ढ यंत्राची 93 टक्के! तेही चालणं, पळणं, सायकल यांत. वजनं उचलणं त्या परीक्षेत नव्हतंच.

मग मी घरीच परीक्षा घेतली. सौ.च्या मनगटावर घड्याळ बांधलं. तिने बसल्या जागी भाकऱ्या थापल्या आणि घड्याळाने पावलं मोजली! उलट बाजारातला हमाल पाठीवर 50 किलोचं पोतं घेऊन चालला काय आणि रिकामा चालला काय, पावलं तेवढीच. आणि ते दहा हजार पावलांचं व्रत? 1965 साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातच दहा हजार होते. तिथून ते आपल्या गळ्यात पडलं.

कुणी म्हणेल, घड्याळामुळे माणूस खुर्चीतून उठतो तरी. मान्य. चालणाऱ्याने खुशाल बांधावं. मीही दोन वर्षं पावलंच मोजत होतो. गेल्या पावसाळ्यात देवघरासमोरून उठताना दोन्ही हात टेकावे लागले, तेव्हा डोळे उघडले. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली मोठ्या माणसांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या बळकटीचा व्यायाम सांगितला. पासष्टीपुढच्यांना तोल सांभाळण्याचा व्यायाम तीन दिवस, तो वेगळा. मी आता खुर्ची धरून दहा बैठका मारतो. घड्याळाच्या लेखी ती काहीच मेहनत नाही.

वजन वाढवायचं तर किती उचललं, किती वेळा, एवढंच टिपून ठेवावं लागतं. तालमीत वस्ताद ते तोंडपाठ ठेवायचे. नातवाला मी वही दिली. घड्याळ काढ म्हटलं नाही, ते आत्याचं आहे! परवा त्याने फोनवर पहिल्या पानाचा फोटो पाठवला: स्क्वॉट, 40 किलो, आठ-आठ-सहा. अक्षर मात्र भयंकर आहे.