शंका डॉक्टरांची आणि शंका सफाई कामगाराची

१६ जानेवारी २०२१ रोजी दिल्लीच्या एम्स रुग्णालयात देशातील कोरोना लसीकरणाचा आरंभ झाला. लस घेण्याचा पहिला मान कुणाला मिळाला? एका सफाई कामगाराला. केंद्रीय आरोग्यमंत्री समोर उभे होते, कॅमेरे लागले होते, टाळ्या वाजल्या. त्याला टोचलेली लस होती कोवॅक्सिन. त्याच दिवशी, त्याच दिल्लीत, राममनोहर लोहिया रुग्णालयातील निवासी डॉक्टरांच्या संघटनेने आपल्या वैद्यकीय अधीक्षकांना पत्र दिले. कोवॅक्सिनच्या चाचण्या पूर्ण झालेल्या नाहीत, त्यामुळे आमच्या मनात धास्ती आहे, आम्हाला कोविशील्ड द्या, अशी त्या पत्रातील मागणी होती.

डॉक्टरांची शंका चुकीची होती काय? मुळीच नाही. ३ जानेवारी २०२१ रोजी औषध महानियंत्रकांनी कोवॅक्सिनला जी परवानगी दिली, ती तिसऱ्या टप्प्यातील चाचणीचे परिणामकारकतेचे आकडे हाती नसताना दिली. परवानगीच्या आदेशातच ‘क्लिनिकल ट्रायल मोड’ असे शब्द होते. लस घेणाऱ्याकडून संमतीपत्रावर सही घेतली जात होती. परिणामकारकतेचा पहिला, तोही अंतरिम, आकडा ३ मार्चला जाहीर झाला. ज्यांनी वैद्यकशास्त्र शिकले त्यांनी कागद वाचला आणि प्रश्न विचारला. त्यांनी आपले कर्तव्यच केले.

आमचा प्रश्न वेगळाच आहे. त्या सफाई कामगाराला कुणी विचारले होते काय, की बाबा, यातली कोणती लस तुला हवी? डॉक्टराने शंका घेतली तर ती ‘वैज्ञानिक चिकित्सा’ ठरते. सफाई कामगाराने, आदिवासीने, शेतमजूर बाईने तीच शंका घेतली तर तो ‘अडाणीपणा’ ठरतो! साथीच्या त्या दोन वर्षांत लसीवरून जो गदारोळ झाला, त्याच्या तळाशी हा दुटप्पीपणा आहे, आणि तो आमच्या वाचकांनी नीट ओळखला पाहिजे.

मे २०२१ मधील एक बातमी आठवत असेल. उत्तर प्रदेशातील बाराबंकी जिल्ह्यात लस देणारे पथक गावात आले म्हणून काही गावकऱ्यांनी शरयू नदीत उड्या टाकल्या. वाहिन्यांनी दिवसभर ती दृश्ये दाखवून हसून घेतले. सरकारी पथकाला पाहून माणूस जीव धोक्यात घालून नदीत का उडी टाकतो, हा प्रश्न मात्र एकाही निवेदकाला सुचला नाही.

आता जरा मागे जाऊ. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगची साथ होती. इंग्रज सरकारची पथके घराघरात शिरून तपासणी करू लागली, तेव्हा देवघर बाटले, सोवळे मोडले म्हणून केवढा संताप उसळला! २२ जूनला प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. सैनिकांची दांडगाई खरीच होती, ती कुणी नाकारत नाही. परंतु त्या संतापाला शालेय पाठ्यपुस्तकात देशभक्तीचे पान मिळाले, आणि शरयूत उडी मारणाऱ्याला मात्र चेष्टा मिळाली. त्याच साथीत सावित्रीमाई काय करीत होत्या, हे वेगळे सांगायला नको. मुंढव्याच्या महारवाड्यातील प्लेगग्रस्त मुलाला पाठीवर घेऊन त्यांनी डॉ. यशवंताच्या दवाखान्यात आणले आणि १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने त्यांचा अंत झाला. त्याच वर्षी १० जानेवारीला मुंबईत वाल्डेमार हाफकिन यांनी आपण तयार केलेली प्लेगची लस आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली होती. आधी स्वतःला आणि मग इतरांना, असा तो क्रम होता.

आपल्या देशात पुढे हा क्रम उलटा झाला. २००९-१० मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातेतील वडोदरा जिल्ह्यात मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस देण्याचा एक प्रकल्प राबविला गेला. पाथ ही परदेशी संस्था आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद त्यात होती. यातील कित्येक मुली आदिवासी, वसतिगृहात राहणाऱ्या. अनेक ठिकाणी संमतीपत्रावर आईबापाऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या! काही मुलींच्या मृत्यूनंतर ओरड झाली आणि एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवावा लागला. हे मृत्यू लसीमुळे झाले नाहीत, असे चौकशीत सांगण्यात आले. ती लसही उपयोगाची आहे, हे जगभर सिद्ध झाले आहे. पण संसदेच्या स्थायी समितीने २०१३ च्या अहवालात संमतीच्या बाबतीत जे ताशेरे ओढले, त्यांना उत्तर नाही. लस चांगली असली तरी गरिबाच्या पोरीला न विचारता टोचायची मुभा कुणाला मिळत नाही. खुद्द कोवॅक्सिनच्या चाचणीच्या वेळी भोपाळच्या वायुपीडित वस्त्यांतील लोकांनी तक्रार केली, की आम्हाला साडेसातशे रुपये दिले, पण ही चाचणी आहे हे नीट समजावले नाही. संबंधित रुग्णालयाने हे आरोप फेटाळले. तरीही ज्या वस्तीने १९८४ साली वायू सोसला, त्याच वस्तीत चाचणीसाठी माणसे शोधली जातात, याचा अर्थ वाचकांनीच लावावा.

खालच्या थरातील अविश्वासाला असा इतिहास आहे. याउलट वरच्या थराने काय केले तेही पाहा. बाबा रामदेव यांनी ॲलोपॅथीची जाहीर टिंगल केली, भारतीय वैद्यक संघटनेने त्यांना नोटीस धाडली, आणि ती टिंगल करणारा माणूस राष्ट्रद्रोही ठरला नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांच्या कोरोनिल या औषधाच्या कार्यक्रमाला केंद्रीय मंत्री व्यासपीठावर हजर होते. अफवा फक्त झोपडपट्टीत जन्मते असे समजणाऱ्यांनी हा फोटो काढून बघावा.

आणखी एक गोष्ट आमच्या लोकांच्या कायम लक्षात राहिली पाहिजे. एप्रिल २०२१ मध्ये पंतप्रधानांनी ‘टीका उत्सव’ जाहीर केला. तारखा ११ ते १४ एप्रिल, म्हणजे महात्मा फुले जयंती ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंती! आमच्या महापुरुषांची नावे उत्सवाला, आणि उत्सवाच्या तोंडावर महाराष्ट्रात लस संपलेली. राज्याचे आरोग्यमंत्री तीन दिवसांचाच साठा असल्याचे सांगत होते, केंद्रीय आरोग्यमंत्री महाराष्ट्र अपयश झाकण्यासाठी घबराट पसरवतो म्हणत होते, आणि मुंबई, पनवेल, साताऱ्याकडची केंद्रे साठ्याअभावी बंद होत होती. केंद्रावरून परत पाठविलेल्या म्हातारीच्या दृष्टीने दोघांच्या भांडणात काय अर्थ होता?

१ मे २०२१ पासून तर धोरणच असे आले, की लस ही बाजारातील वस्तू झाली. केंद्राला जी कुपी दीडशे रुपये डोसाने मिळत होती, तिचा भाव कंपन्यांनी राज्यांसाठी वेगळा आणि खासगी रुग्णालयांसाठी वेगळा लावला. कोविशील्ड राज्यांना आधी ४०० आणि ओरड झाल्यावर ३०० रुपये. कोवॅक्सिन आधी ६००, मग ४००. खासगी रुग्णालयाला कोवॅक्सिन १२०० रुपये! अर्थसंकल्पात लसीसाठी ३५ हजार कोटींची तरतूद होती. ती असताना १८ ते ४४ वयाच्या मजुराने लसीसाठी राज्याच्या किंवा खासगी दवाखान्याच्या दारात का उभे राहायचे? सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून घेतलेल्या प्रकरणात हाच मुद्दा आला. अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना खासगी रुग्णालयांच्या मर्जीवर सोडायचे काय, असे न्यायमूर्तींनी सुनावणीत विचारले.

भरीस भर म्हणून कोविन. नोंदणी मोबाईलवर, ओटीपी मोबाईलवर आणि पोर्टल तेव्हा इंग्रजीत. सरकारच्याच २०१७-१८ च्या पाहणीनुसार ग्रामीण भागात सुमारे १५ टक्के आणि शहरात ४२ टक्के कुटुंबांकडे इंटरनेट होते. परिणाम असा झाला, की मुंबई-पुण्याचे तरुण गाडी काढून पालघरच्या, जुन्नरच्या केंद्रांवर पोचले, लस घेऊन परतले, आणि केंद्राशेजारचा आदिवासी रांग पाहत राहिला. नंतर त्याच पाड्यांत लसीकरण कमी भरले, तेव्हा अहवालात लिहिले गेले, ‘लोकांमध्ये गैरसमज’. मराठीसह इतर भाषा पोर्टलवर आल्या त्या जूनमध्ये, न्यायालयाने कान उपटल्यावर. २१ जूनपासून केंद्राने पुन्हा ७५ टक्के लसींची जबाबदारी घेतली, तीही त्यानंतरच.

आमच्या वस्तीतील बुद्धविहारात त्या मे महिन्यात चार पोरे मोबाईल घेऊन बसत. ज्याला नंबर लागत नाही त्याची नोंदणी करीत. एक आजी रोज येऊन बसायच्या, पण आधार कार्ड काढीत नसत. शेवटी म्हणाल्या, “पोरांनो, मला सुईची भीती नाही. तापानं दोन दिवस पडले तर माझी धुण्याभांड्याची घरं कोण सांभाळंल?” हा गैरसमज नव्हता. हा मजुरीचा हिशेब होता. या हिशेबाला सरकारच्या कुठल्याही जाहिरातीत उत्तर नव्हते. पोरांनीच आपसांत ठरवून त्यांच्या दोन दिवसांच्या कामाची सोय लावली, आणि आजींनी लस घेतली.

आता घरातलेही बोलले पाहिजे. कोरोना हे थोतांड आहे, लस हे बहुजनांना संपविण्याचे कारस्थान आहे, असे चळवळीच्या काही व्यासपीठांवरूनही सांगितले गेले. आपल्याच माणसाने पाठविले म्हणून तो संदेश हजारोंनी पुढे ढकलला. तथागतांनी कालामांना काय सांगितले? परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, आणि सांगणारा आपला गुरू आहे म्हणूनही मानू नका. यातील शेवटचा भाग आपण सोयीने विसरलो. सत्तेवर संशय घेणे हे आपले कामच आहे. पण ज्या संशयापोटी आपलाच मधुमेही बाप लस न घेता दुसऱ्या लाटेत गेला, तो संशय सत्तेचे काही बिघडवू शकला नाही. कारस्थान म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी गुपचूप दोन्ही डोस घेतले, हेही आम्हाला ठाऊक आहे!

धोका अजिबात नव्हता असेही नाही. कोविशील्डमुळे अत्यंत क्वचित रक्तात गुठळ्या होऊन प्लेटलेट्स घटू शकतात, हे २०२१ मध्येच युरोपात नोंदले गेले होते, आणि २०२४ मध्ये ॲस्ट्राझेनेका कंपनीने ब्रिटनमधील न्यायालयात ते मान्य केल्याची बातमी आली. कोट्यवधींचे प्राण लसीने राखले हे खरे, आणि मोजक्या घरांवर घाला पडला हेही खरे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांगायचे धैर्य सरकारने दाखविले असते, तर कारस्थानाच्या कथांना इतके गिऱ्हाईक मिळाले नसते.

त्याऐवजी सक्ती आली. नोव्हेंबर २०२१ मध्ये तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात आदेश निघाला, की किमान एक डोस घेतल्याशिवाय रेशन, गॅस, पेट्रोल नाही. पेट्रोलविना माणूस चालत जाईल. रेशनविना कोण उपाशी राहते, हे जिल्हा प्रशासनाला ठाऊक नव्हते काय? धान्य हा २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने मिळालेला हक्क आहे. मुंबईतही १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन्ही डोस घेतलेल्यांनाच लोकलची मुभा होती. घरून काम करणाऱ्याला त्याने फरक पडला नाही, कल्याण-कर्जतहून येणाऱ्या हमालाला पडला. २ मे २०२२ रोजी जेकब पुलियल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने लसीकरणाचे धोरण योग्य ठरविले, पण अनुच्छेद २१ नुसार कुणाच्याही शरीरावर लसीची सक्ती करता येणार नाही, हेही स्पष्ट केले. दुष्परिणामांची माहिती लोकांसमोर ठेवा, असेही सांगितले.

या सगळ्या काळात पाड्यापाड्यात फिरून लोकांची समजूत घातली ती आशाताईंनी. जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातील सुमारे ७० हजार आशांना तुटपुंज्या मानधनासाठी संपावर जावे लागले, तेव्हा कुठे हजार रुपये वाढ आणि पाचशे रुपये कोविड भत्ता पदरात पडला.

आणि ज्यांच्या घरातील माणूस लसीनंतर गेला, त्यांचे काय? दोन मुलींच्या मृत्यूबद्दल त्यांच्या पालकांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, तेव्हा नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने प्रतिज्ञापत्र दिले. लस घेणे कायद्याने सक्तीचे नव्हते, ते ऐच्छिक होते, भरपाई हवी असेल तर दिवाणी न्यायालयात जावे, असे त्यात म्हटले होते. ज्या हमालाला दोन डोसांवाचून लोकलचे तिकीट मिळत नव्हते, त्याला हे प्रतिज्ञापत्र कुणीतरी मराठीत वाचून दाखवावे.