विंचवाचं बिऱ्हाड सिडनीच्या बंदरात

मैत्रिणींनो, गेल्या खेपेला आपण उन्हाळी वाळवणांबद्दल बोललो. आज मात्र स्वयंपाकघराची कडी लावून जरा लांब जायचं आहे.

सुनेच्या बाळंतपणासाठी मी मेलबर्नला गेले होते. बाळाचं न्हाणंमाखणं, सुनेचे डिंकाचे लाडू, रात्रीची जागरणं यात पाच महिने कसे गेले कळलं नाही. मुलगा दर शनिवारी म्हणायचा, "आई, पुढच्या आठवड्यात तुला सिडनी दाखवतो." तो पुढचा आठवडा काही उगवेना. शेवटी सूनबाईच एक दिवस म्हणाली, "आई, तुम्ही एकट्याच का नाही जाऊन येत? तीन दिवस मी सांभाळते."

मुलाच्या हातातला चहा तसाच राहिला. फोनवर मिरजेहून हे म्हणाले, "या वयात? पडलीस-बिडलीस तर?" खरं सांगू, मलाही धसका बसला होता. वयाची एकसष्ट वर्षं झाली, पण स्वतःचं तिकीट स्वतः काढून परक्या गावात एकटी उतरले, असं कधी घडलंच नव्हतं. माहेरी वडील, सासरी हे, आता मुलगा. तिकीट नेहमी दुसऱ्याच्याच खिशात.

सूनबाईने तिची कॉलेजातली पाठीवरची पिशवी काढून दिली. 'विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण आपण बदलीच्या नोकरीवाल्यांना लावतो. तरुण पोरं अशी पिशवी घेऊन देशोदेशी हिंडतात, त्यांना तिकडे बॅकपॅकर म्हणतात. ती भरायचीही एक रीत आहे. कपड्यांच्या घड्या न घालता घट्ट गुंडाळ्या कराव्यात, जागा कमी लागते आणि चुण्याही कमी पडतात. जड वस्तू पाठीला लागून मधोमध ठेवावी, तळाशी नको. ओल्या कपड्यांसाठी प्लास्टिकची पिशवी वेगळी. आणि आपलं स्वतःचं छोटं कुलूप विसरू नये. मी दोन पंजाबी ड्रेस, एक स्वेटर, सुती टोपी आणि वाटीभर मुगाची डाळ व तांदूळ एवढंच घेतलं. (ही डाळ तिथल्याच दुकानातली. भारतातून नेणार असाल तर विमानतळावर 'खाद्यपदार्थ आहेत का?' या प्रश्नाला निमूट 'हो' लिहावं. बियाणं, ताजी फळं, दुधाचे पदार्थ याबाबत तिथले नियम फार कडक आहेत. लपवलं तर जबर दंड होतो. सांगितलं तर फार तर वस्तू काढून घेतात.)

रात्रीच्या गाडीने अकरा तासांनी सिडनी आलं. उतरायला हॉस्टेल होतं. एका खोलीत सहा बायकांचे पलंग, एकावर एक. मी विनंती करून खालचा मागून घेतला. बाकीच्या पाचजणी माझ्या मुलीच्या वयाच्या. पहिल्या रात्री झोप म्हणून आली नाही. स्वयंपाकघर सगळ्यांचं मिळून एक. फ्रीजमधल्या डब्यावर आपलं नाव आणि तारीख लिहायची, भांडी लगेच घासून जागेवर ठेवायची. मी खिचडी टाकली, फोडणीला जिरं घातलं, तर वासाने तिघीजणी आल्या. त्यातली एक म्हणाली, तिच्या आईने कधी एकटीने प्रवास केला नाही. मी म्हटलं, मीही नव्हता केला, कालपर्यंत.

सिडनीचं बंदर म्हणजे समुद्राने जमिनीत लांबवर घातलेला हात. त्याच्या काठावर 'सर्क्युलर की' हा फेरीबोटींचा धक्का आहे. लिहितात 'क्वे', म्हणतात 'की', तेव्हा पत्ता विचारताना माझ्यासारखी फजिती करून घेऊ नका. धक्क्यावर उभं राहिलं की एका हाताला लोखंडी पूल, दुसऱ्या हाताला ऑपेरा हाऊस. पुलाची कमान 503 मीटरची. तो 1932 साली खुला झाला. कमानीवर चढायला बरेच पैसे पडतात, पण पुलाच्या पूर्वेच्या बाजूने पायी जायला काहीच पडत नाही. मी फुकटातलीच वाट धरली.

ऑपेरा हाऊसची गोष्ट घर बांधलेल्या प्रत्येकीला पटेल. डेन्मार्कच्या यॉर्न उट्झन यांचा आराखडा 1957 साली निवडला गेला. अंदाज होता 70 लाख डॉलरचा, खर्च झाला 10 कोटी 20 लाख! भांडणं झाली, 1966 साली उट्झन काम सोडून निघून गेले. इमारत 1973 साली पुरी झाली, पण ती त्यांनी प्रत्यक्ष डोळ्यांनी कधीच पाहिली नाही. दुरून पांढरीशुभ्र दिसणाऱ्या त्या शिडांवर दहा लाखांहून जास्त फरश्या आहेत, काही चकचकीत पांढऱ्या, काही साईच्या रंगाच्या. मी पायऱ्यांवर बसून घरून आणलेले चिवड्याचे घास खाल्ले. तिथले समुद्रपक्षी मात्र फार धीट, हातातलं नेतात. पुडी झाकून धरावी.

ऑपेरा हाऊस ज्या टोकावर आहे त्याला बेनेलाँग नावाच्या तिथल्या मूळ रहिवाशाचं नाव आहे. त्याच्या बायकोचं नाव बरांगारू. 1788 साली इंग्रजांची 11 जहाजं आली, तेव्हा या बंदरात मासे धरायच्या त्या तिथल्या बायका. शिंपल्याचा गळ, झाडाच्या सालीची दोरी, सालीचीच होडी, मांडीवर तान्हं पोर, आणि होडीत मातीच्या थरावर पेटता विस्तव. मासा धरायचा आणि तिथेच भाजायचा. आपल्या कोळणी पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाजवतात, इथे तर पाण्यावरच चूल! बरांगारूला नवऱ्याचं इंग्रजांकडे जाणं-येणं पसंत नव्हतं. त्यांचे कपडे घालायलाही तिने नकार दिला. नवऱ्याचं नाव त्या टोकाला केव्हापासूनच आहे. पुलाच्या पलीकडे बरांगारूच्या नावाचं उद्यान मात्र 2015 साली खुलं झालं. उशिरा का होईना, बाईला काठ मिळाला.

दुसऱ्या दिवशी मॅनलीची फेरीबोट घेतली. अर्ध्या तासाचा रस्ता. जवळचं बँकेचं कार्ड यंत्राला टेकवलं की झालं, वेगळं तिकीट नको. मधे एका ठिकाणी बंदराचं तोंड समुद्राकडे उघडतं, तिथे बोट हेलकावे खाते. पोट ढवळणारीने आल्याची वडी जवळ ठेवावी आणि नजर दूर किनाऱ्यावर. समुद्रात उतरायचंच तर लाल-पिवळ्या निशाणांच्या मधेच उतरावं, तिथेच जीवरक्षकांचं लक्ष असतं. आणि ऊन म्हणाल तर आपल्यालाही पोळेल असं. टोपी हवीच.

तिसऱ्या दिवशी बोटॅनिक गार्डनमधून पाण्याच्या कडेने चालत एका टोकाला गेले. तिथे खडकात कोरलेलं एक आसन आहे, 'मिसेस मॅक्वारीची खुर्ची'. गव्हर्नरच्या बायकोला तिथे बसून समुद्र बघायची आवड, म्हणून 1810च्या सुमारास कैद्यांकडून ती कोरून घेतली. मी पिशवी उतरवली आणि बसले. दगड उन्हाने कोमट झाला होता.

बसल्या बसल्या फोन बघितला. एकही फोन आलेला नव्हता. तीन दिवस मी मनातल्या मनात बाळाच्या दुधाच्या वेळा मोजत होते, आणि तिकडे कुणाचं काही अडलंच नव्हतं. अगदी खरं लिहिते, आधी वाईट वाटलं, डोळ्यांत पाणी आलं. चाळीस वर्षं आपण समजत होतो की आपण उठलो तर घर बसेल. मग मी मुद्दामच लगेच उठले नाही. तासभर बोटी बघत राहिले. असा काही काम नसलेला तास मला लग्नानंतर आठवत नाही.

परत आले तर मुलाने दार उघडलं. खांद्यावर बाळ, शर्टावर दुधाचा डाग. "आई, वरणात हिंग किती घालायचा गं?" एवढंच त्याने विचारलं. मी म्हटलं, "चिमूटभर. आणि आज तूच घाल."

तुम्ही लगेच सिडनीला जा, असं मी सांगत नाही. व्हिसा, पैसा, सगळंच आड येतं. पण एकदा स्वतःचं तिकीट स्वतः काढून, मिरजेहून कोल्हापूरला का होईना, एकटीने जाऊन या. घरच्यांना डाळ कुठल्या डब्यात आहे ते दाखवून जा म्हणजे झालं. माझी पिशवी मी माळ्यावर टाकलेली नाही. दारामागच्या खुंटीला आहे. हे येता-जाता तिच्याकडे बघतात, पण बोलत नाहीत.

पुढच्या अंकात: पावसाळ्यात कडधान्यांना कीड लागू नये म्हणून काय करावं.