सरावात मेलेल्यांचा हिशेब

दुसऱ्या महायुद्धात हिंदी फौजेत सुमारे २५ लाख माणसे दाखल झाली व त्यांतील सुमारे ८७,००० मरण पावली. यांपैकी २५,००० हून अधिक जण रणांगणापासून दूर, सेवेत असताना गेले. कोणी सरावात, कोणी अपघातात, कोणी छावणीतल्या आजाराने. त्यांची नावे दिल्लीच्या युद्ध-दफनभूमीतील नामावलीत आहेत आणि तीच नावे कराचीतही जपली आहेत.

त्या काळी कुलाबा जिल्ह्यातील पेण व रोह्याच्या कुळांपुढे एकपिकी भातशेती आणि खोताचा वाटा एवढेच होते. घरातील तरुणाला मुंबईची गिरणी किंवा पलटण, याच वाटा मोकळ्या होत्या.

‘ना एक पाई, ना एक भाई’ ही त्या वेळची घोषणा आम्हांला आजही रास्त वाटते. १९३९ साली देशाला न विचारता ते युद्ध त्याच्यावर लादले गेले. परंतु तो विरोध लादणाऱ्यांना होता. पोटासाठी भरती झालेल्याशी आपले वैर नव्हते. दर २ जानेवारीला आपण सिद्धगडच्या हुतात्म्यांना, भाई कोतवाल व हिराजी पाटील यांना, वंदन करतो. त्याच पिढीतला सरावात मेलेला शिपाई मात्र दोन्हीकडून वगळला गेला. तो लढला नाही म्हणून वीरगाथेत नाही, आणि परक्यांच्या फौजेत होता म्हणून आपल्या इतिहासात नाही.

१९४३ साली रिझर्व्ह बँकेची सूत्रे रोह्याशी नाते असलेल्या चिंतामणराव देशमुखांकडे आली. युद्धाअखेर ब्रिटनकडे आपले सुमारे १३० कोटी पौंड येणे निघाले. त्या पैशाचा हिशेब झाला, माणसांचा राहिला.

तो आजही नीट होत नाही. १० ऑक्टोबर २०२४ रोजी देवळालीला तोफांच्या सरावात गोळा फुटून दोन अग्निवीर मरण पावले. अशा कुटुंबांना विमा व सानुग्रह रक्कम मिळते. परंतु नियमित सैनिकाच्या कुटुंबाला मिळणारे निवृत्तिवेतन त्यांना नाही. एकाच तोफेवर उभ्या असलेल्या दोघांत हा भेद कोणत्या न्यायाने?

पेण व रोह्याच्या कार्यकर्त्यांनी हे काम हाती घ्यावे. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदी सर्वांना खुल्या आहेत. अनेक नोंदींत वडिलांचे नाव व गावही असते. आपल्या तालुक्यांतील नावे शोधून ती ग्रामसभेत वाचावीत, आणि अग्निवीरांच्या कुटुंबांना निवृत्तिवेतन द्यावे, असा ठराव त्याच सभेत करून घ्यावा.