गेममधला शत्रू किती हुशार असावा?

सगळीकडे एआय शिरत असताना गेममधला शत्रूही आणखी हुशार करावा, असे अनेकांना वाटते. ‘रोगलाइक’ गेमचा अनुभव उलटा आहे. त्यांत नकाशा दर वेळी नवा आणि एकदा मेले की खेळ पुन्हा पहिल्यापासून. १९८०च्या ‘रोग’मध्ये वटवाघूळ वेडेवाकडे उडते, लेप्रिकॉन सोने चोरून पसार होतो, स्वभाव ओळखला की डावपेच सुचतात. ‘स्ले द स्पायर’ (२०१९) तर शत्रूची पुढची चाल त्याच्या डोक्यावर आधीच दाखवतो. तरी गेम सोपा होत नाही. वार अडवायचा की आपण करायचा, हा पेच उरतोच. फक्त हरल्यावर चूक स्वतःची वाटते. कधीही नेम न चुकणारा शत्रू बनवणे संगणकाला अवघड नाही. या गेमच्या निर्मात्यांनी मात्र खेळाडूंच्या डावांची आकडेवारी तपासत समतोल जुळवला.