धनिकांचा निःशब्द करविरोध

सन २०२० च्या एप्रिल महिन्यात सारा देश टाळेबंदीत होता आणि लक्षावधी स्थलांतरित मजूर बिऱ्हाड पाठीवर घेऊन हमरस्त्यांनी गावाकडे चालत निघाले होते. त्याच सुमारास प्राप्तिकर खात्यातील पन्नासएक तरुण अधिकाऱ्यांनी एक टिपण तयार केले. साथीशी लढण्यासाठी लागणारा पैसा सरकारने कोठून उभारावा, एवढाच त्या टिपणाचा विषय होता. वर्षाला १ कोटी रुपयांहून अधिक उत्पन्न असणाऱ्यांकडून काही महिन्यांपुरता ४० टक्के दराने कर घ्यावा, किंवा ५ कोटी व त्याहून अधिक निव्वळ मालमत्ता असणाऱ्यांवर संपत्ती कर पुन्हा बसवावा, अशा सूचना त्यात होत्या. अधिकाऱ्यांच्या संघटनेने ते टिपण जाहीर केले मात्र, केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने तातडीने खुलासा केला की असा अहवाल कोणी मागितलाच नव्हता. तीन ज्येष्ठ अधिकाऱ्यांवर आरोपपत्रे ठेवण्यात आली. त्यानंतर पंधरवडाही उलटला नाही तोच, ५ मे च्या रात्री, केंद्र सरकारने पेट्रोलवरील अबकारी कर लिटरमागे १० रुपयांनी आणि डिझेलवरील १३ रुपयांनी वाढवला. जगाच्या बाजारात कच्च्या तेलाचे भाव त्या वेळी कोसळलेले होते. ग्राहकाला मिळू शकणारी ती स्वस्ताई सरकारने मध्येच गिळली. ही करवाढ करण्याची सूचना कोणी मागितली होती, याचा खुलासा करण्याची गरज कोणत्याही मंडळाला भासली नाही.

इतिहासात याच्या नेमका उलटा एक प्रसंग सापडतो. १८५७ च्या उठावाने रिकामी झालेली तिजोरी भरण्यासाठी जेम्स विल्सन याने १८६० साली हिंदुस्थानात पहिला प्राप्तिकर आणला, तेव्हा मद्रासचा गव्हर्नर ट्रेव्हेलियन याने नव्या करांविरुद्धचे आपले मत उघडपणे प्रसिद्ध केले. त्याला परत बोलावण्यात आले. साम्राज्याच्या काळात कराला विरोध केला म्हणून अधिकारी परत गेला, तर प्रजासत्ताकात धनिकांवर कर सुचवला म्हणून अधिकारी चौकशीच्या फेऱ्यात सापडले. ट्रेव्हेलियन पुढे लवकरच अर्थखात्याचा सदस्य होऊन परत आला आणि १८६५ साली तो प्राप्तिकर बंदही पडला, ही गोष्ट वेगळी.

करविरोध म्हटला की आपल्यापुढे दांडीची यात्रा उभी राहते, साराबंदीचे लढे उभे राहतात. असा विरोध डोळ्यांना दिसतो, त्याला घोषणा असतात, त्याच्यावर लाठी चालते. परंतु स्वतंत्र भारतात सर्वाधिक यशस्वी ठरलेल्या करविरोधाला ना मोर्चा काढावा लागला ना सभा घ्यावी लागली. तो अर्थसंकल्पी भाषणातल्या एखाद्या परिच्छेदातून जिंकला गेला, आणि प्रत्येक वेळी जवळपास एकाच युक्तिवादाने: या करापासून उत्पन्न थोडे येते आणि वसुलीचा त्रास मात्र फार होतो.

हा युक्तिवाद बारकाईने तपासला पाहिजे. १९५३ सालचा मृत्युकर मार्च १९८५ मध्ये रद्द झाला. त्याचे उत्पन्न जेमतेम २० कोटी रुपये होते, असे तेव्हाचे अर्थमंत्री विश्वनाथ प्रताप सिंह यांनी सांगितले. १९५८ चा देणगी कर १९९८ साली गेला. आणि १९५७ चा संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पात अरुण जेटली यांनी काढून टाकला. २०१३-१४ साली त्यातून देशभरात अवघे १,००८ कोटी रुपये जमा झाले, असा हिशेब त्यांनी सभागृहापुढे ठेवला. आकडा खरा आहे. पण हा आकडा इतका लहान का राहिला?

याचे उत्तर १९९२ च्या अर्थसंकल्पात आहे. चेलय्या समितीच्या शिफारशींचा आधार घेऊन डॉ. मनमोहन सिंग यांनी त्या वर्षी ‘उत्पादक’ मालमत्ता संपत्ती करातून वगळली. शेअर, कर्जरोखे, बँकेतील ठेवी हे सारे १९९३ पासून करमुक्त झाले. कराच्या जाळ्यात उरले काय, तर दुसरे घर, मोटारी, दागदागिने, सोनेचांदी, शहरातील मोकळी जमीन, विमाने आणि विहारनौका! ज्या देशातील बड्या भांडवलदारांची जवळजवळ सगळी दौलत त्यांच्याच कंपन्यांच्या शेअरमध्ये साठवलेली असते, तेथे शेअर वगळून लावलेला संपत्ती कर हा हत्ती सोडून शेपूट मोजण्याचा प्रकार होता. आधी कराचा गाभा काढून घ्यायचा आणि मग टरफल हलके लागते म्हणून ते फेकून द्यायचे, असा हा बावीस वर्षांचा कार्यक्रम होता. त्यात काँग्रेस आणि भारतीय जनता पक्ष या दोघांनी आपापला वाटा चोख उचलला.

संपत्ती कराच्या जागी २०१५ साली १ कोटीहून अधिक उत्पन्नावर २ टक्के जादा अधिभार बसवण्यात आला आणि त्यातून ९,००० कोटी रुपये मिळतील असे सांगण्यात आले. एक हजाराच्या ठिकाणी नऊ हजार, म्हणजे वरवर पाहता सौदा फायद्याचाच. पण त्यात दोन गोम होत्या. पहिली अशी की अधिभार उत्पन्नावर लागतो, आणि उद्योगपतीची संपत्ती शेअरच्या वाढत्या भावात फुगत जाते. शेअर विकेपर्यंत ती ‘उत्पन्न’ या सदरात येतच नाही. पगारदार मोठा अधिकारी यात सापडतो, घराणे सापडत नाही. दुसरी गोम संघराज्याची आहे. संपत्ती कराच्या जमेत राज्यांना वाटा होता. अधिभार आणि उपकर यांची जमा मात्र सर्वस्वी केंद्राची, राज्यांना त्यातला एक पैसाही मिळत नाही. धनिकांना सूट देतानाही दिल्लीने राज्यांचा खिसा असा कापला. केरळातील असो वा महाराष्ट्रातील, शाळा, दवाखाने आणि पोलीस चालवण्याचा खर्च राज्यांनाच करावा लागतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या बदलाचे खरे मोल कळते.

तो अधिभारही धनिकांना फार काळ सोसवला नाही. जुलै २०१९ च्या अर्थसंकल्पात ५ कोटींहून अधिक उत्पन्नावरील अधिभार ३७ टक्क्यांवर नेण्यात आला. परदेशी गुंतवणूकदारांनी बाजारातून पैसा काढण्यास सुरुवात केली आणि पन्नास दिवसांच्या आत, २३ ऑगस्टला, शेअरवरील भांडवली नफ्यापुरती ती वाढ मागे घेतली गेली. उरलेली वाढही २०२३ साली नव्या करप्रणालीत २५ टक्क्यांवर आणली गेली. २०१९ च्याच २० सप्टेंबरला अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी गोव्यात पत्रकारांसमोर कंपनी कराचा मूळ दर २२ टक्के आणि नव्या कारखान्यांसाठी १५ टक्के केल्याची घोषणा केली. सरकारच्याच हिशेबाने हा वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी रुपयांचा त्याग होता. संसदेचे अधिवेशन चालू नव्हते; वटहुकूम पुरेसा ठरला. मुंबईच्या शेअर बाजाराचा निर्देशांक त्या दिवशी १,९०० हून अधिक अंशांनी उसळला.

येथे एक आक्षेप हमखास घेतला जातो, आणि तो टाळण्यात अर्थ नाही. डावे लोक स्वतःच प्रत्येक करवाढीला विरोध करतात, पेट्रोलपासून पिठापर्यंत, मग धनिकांच्या करविरोधाला नावे ठेवण्याचा त्यांना अधिकार काय? जुलै २०२२ मध्ये वेष्टनबंद तांदूळ, पीठ आणि दही यांवर ५ टक्के वस्तू व सेवा कर लागला, तेव्हा त्याला विरोध झाला, आणि तो योग्यच होता. कारण धान्याच्या पिशवीवर मजूर आणि मालक सारखाच कर भरतात, पण मजुराच्या कमाईतला त्याचा हिस्सा कितीतरी मोठा असतो. जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे हेच निराळ्या संदर्भात मांडले होते: सरकारी महसूल रयतेच्या घामातून येतो आणि खर्च होतो तो वरच्या वर्गाच्या शिक्षणावर. कर किती, यापेक्षा तो कोणाकडून घेतला जातो आणि कोणावर खर्च होतो, हा प्रश्न महाराष्ट्राला तरी नवा नाही.

आक्षेपाचा दुसरा भाग अधिक अवघड आहे. सत्तरीच्या दशकाच्या प्रारंभी प्राप्तिकराचा सर्वोच्च दर अधिभारासह ९७.७५ टक्के होता, आणि त्या काळातच काळा पैसा फोफावला, असे सांगितले जाते. यातही तथ्य आहे. वांछू समितीने १९७१ सालीच या दरांना करचुकवेगिरीचे एक मोठे कारण ठरवले होते. त्या दराचे समाजवादाच्या नावाने समर्थन करण्याचे डाव्यांना काहीच कारण नाही. निकोलस काल्डोर यांनी १९५६ साली भारत सरकारला दिलेल्या अहवालात प्राप्तिकराचा कमाल दर ४५ टक्क्यांच्या वर असू नये असेच सुचवले होते. मात्र त्याला संपत्ती कर, देणगी कर, भांडवली नफ्यावरील कर आणि खर्च कर यांची जोड हवी होती, म्हणजे एका दारातून निसटलेला पैसा दुसऱ्या दारात सापडला असता. राज्यकर्त्यांनी कागदावर जवळजवळ सगळे कर आणले, पण त्यांना सवलतींची इतकी भोके पाडली की दारे असून नसल्यासारखी झाली. खर्च कर तर दोनदा बसवून दोनदा उठवला. भाषणासाठी ९७.७५ चा आकडा उपयोगी होता. वसुलीसाठी तो कधी नव्हताच.

धनिकांच्या करविरोधाचे दुसरे शस्त्र म्हणजे गरिबाची ढाल. बड्या बागायतदारांवर कर बसवण्याचा विषय निघाला की कोरडवाहू शेतकरी पुढे केला जातो, डॉ. के. एन. राज समितीने १९७२ साली सुचवलेला शेतधारणा कर याच कारणाने कोणत्याही राज्याने लावला नाही. एप्रिल २०२४ मध्ये हेच दृश्य मोठ्या प्रमाणावर दिसले. लोकसभेच्या प्रचारात पंतप्रधानांनी माताभगिनींच्या सोन्याची आणि मंगळसूत्राची भीती घातली, आणि परदेशात राहणाऱ्या एका काँग्रेस पुढाऱ्याने अमेरिकेतील वारसा कराचा नुसता उल्लेख करताच एकच गदारोळ उठला. काँग्रेसने काय केले? असा कर आणण्याचा आमचा विचार नाही, उलट १९८५ साली राजीव गांधींनीच तो रद्द केला, असे तिने घाईघाईने जाहीर केले. ज्या कृत्याची लाज वाटायला हवी, तेच पुरावा म्हणून सादर झाले! त्याच वर्षी तोमा पिकेटी आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी दाखवून दिले होते की २०२२-२३ साली देशाच्या एकूण संपत्तीपैकी ४०.१ टक्के संपत्ती वरच्या १ टक्का लोकांच्या हाती होती. १० कोटींवरील संपत्तीवर २ टक्के आणि तेवढ्याच वारशावर ३३ टक्के कर बसवला तर राष्ट्रीय उत्पादनाच्या २.७३ टक्के एवढा महसूल मिळेल आणि ९९.९६ टक्के प्रौढांना त्याची झळही लागणार नाही, हा त्यांचाच हिशेब. मंगळसूत्रवाल्या भगिनींपर्यंत तो पोचला नाही, याचा दोष केवळ वृत्तपत्रांवर टाकून चालणार नाही. वस्तीपातळीवरच्या बैठकीत तो कोणी कितीदा समजावून सांगितला?

कष्टकरी पगारदार कर द्यायला तयारच नसतो, हा समजही खोटा आहे. महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळातून उभ्या राहिलेल्या रोजगार हमी योजनेसाठी १९७५ साली व्यवसाय कर बसवण्यात आला. शहरातल्या कारकुनाच्या, गिरणी कामगाराच्या पगारातून कापलेला पैसा खडी फोडणाऱ्या, पाझर तलाव खोदणाऱ्या भूमिहीनाच्या मजुरीसाठी जावा, अशी ती योजना होती. तो कर आजही पगारपत्रकात दिसतो. त्याची कमाल मर्यादा मात्र राज्यघटनेच्या २७६ व्या कलमाने बांधलेली आहे: १९८८ पर्यंत वर्षाला २५० रुपये, घटनादुरुस्तीनंतर २,५०० रुपये. आज महाराष्ट्रात कंपनीच्या व्यवस्थापकीय संचालकाला आणि त्याच्या केबिनबाहेर बसणाऱ्या कारकुनाला वर्षाकाठी तेवढाच व्यवसाय कर पडतो. ही मर्यादा वाढवायची तर संसदेत दोनतृतीयांश मते लागतील. संपत्ती कर उठवायला अर्थसंकल्पाचे साधे बहुमत पुरले होते.