संयम म्हणजे घुसमट नव्हे

पुण्याच्या सदाशिव पेठेतील अभ्यासिकांमध्ये दिवस-दिवस बसणारे स्पर्धापरीक्षार्थी असोत, की हिंजवडीतील संगणक कंपन्यांतून रात्री उशिरा परतणारे अभियंते. या सुशिक्षित तरुणांपैकी अनेकांच्या बाबतीत एक गोष्ट समान आढळते. मनात काय चालले आहे, ते कोणाला सांगायचे नाही. परीक्षा हुकली, बढती नाकारली गेली, ठरत आलेले लग्न मोडले, तरी घरी दूरध्वनीवर 'सगळे ठीक आहे' एवढेच कळविले जाते. मुलगा मोठा समंजस आहे, असे घरच्यांना वाटते. प्रत्यक्षात या समंजसपणाची किंमत त्याचे शरीर मोजत असते.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांनी 1998 साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या दृष्टीने उद्बोधक आहे. विद्यार्थ्यांना किळस आणणारे चित्रण दाखविण्यात आले. काहींना भावना चेहऱ्यावर दिसू न देण्यास सांगितले होते, तर काहींना त्या दृश्याकडे तटस्थपणे पाहण्यास. पहिल्या गटाचे चेहरे शांत राहिले, पण किळस कमी झाली नाही. उलट बोटांतील रक्तवाहिन्या अधिक आकुंचन पावल्या. दुसऱ्या गटाला मुळात किळसच कमी वाटली आणि शरीरावर तसा ताणही आला नाही. भावना दडपणे आणि भावना हाताळणे, यांतील हा मूलभूत भेद आहे.

हा ताण रोजचा झाला की झोप उडते, रक्तदाब वाढतो, पचन बिघडते. शिवाय मन हलके करण्यासाठी सिगारेट, मद्य किंवा अवेळी खाणे जवळ केले जाते. 52 देशांतील 'इंटरहार्ट' या 2004 मधील अभ्यासाने हृदयविकाराच्या झटक्याच्या नऊ प्रमुख कारणांत धूम्रपान, रक्तदाब यांच्या जोडीला मानसिक-सामाजिक ताणालाही स्थान दिले. पन्नाशीत जडणाऱ्या व्याधीची बीजे अशी पंचविशीत रुजतात.

यावरचा उपाय मनाला विचारांची शिस्त लावण्यात आहे. अल्बर्ट एलिस यांनी 1950च्या दशकात मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती किशोर फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत पोहोचविली. अपयशाचे दुःख होणे स्वाभाविक आहे. 'अपयश आले म्हणून मी निरुपयोगी ठरलो' हा मात्र आपणच काढलेला चुकीचा निष्कर्ष असतो. तो तपासून पाहण्याची सवय शिकता येते.

अर्थात सारा भार तरुणांच्याच मनोबलावर टाकणे अन्यायाचे होईल. बारा-बारा तास राबवून घेणाऱ्या आस्थापनेने वर्षातून एकदा ध्यानाचे शिबिर भरविले, म्हणून तिची जबाबदारी संपत नाही. अन्यायाचा आलेला राग गिळणे म्हणजे मनःस्वास्थ्य नव्हे; तो योग्य ठिकाणी, योग्य शब्दांत व्यक्त करणे हेही भावनांचे नियमनच आहे.

कुटुंबाची जबाबदारी तर याहून मोठी. 'पुरुषासारखा पुरुष, रडतोस काय?' आणि 'लोक काय म्हणतील?' ही दोन वाक्ये घरातून हद्दपार झाली, तरी पुष्कळ साधेल. आठवड्यातून एखादे जेवण दूरचित्रवाणी आणि भ्रमणध्वनी बंद ठेवून व्हावे, निकालाची चौकशी करण्याआधी झोपेची चौकशी व्हावी. संध्याकाळी मैदानावर घाम गाळणाऱ्या मुलाला 'वेळ वाया घालवतोस' असे कोणी म्हणू नये. उदासी दोन-तीन आठवडे हटली नाही, तर तज्ज्ञाकडे जाण्यात कमीपणा मानू नये. आणि जगणे नकोसे झाल्याची भाषा कानी आली, तर एक दिवसही थांबू नये. केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू केलेली 'टेलि-मानस' ही 14416 क्रमांकावरील सेवा विनामूल्य असून ती रात्रंदिवस उपलब्ध आहे.

तापलेल्या मुलाच्या कपाळावर हात ठेवायला आपल्या घरांना कोणी शिकवावे लागले नाही. त्याच्या मनाच्या तापाची दखलही तितक्याच सहजतेने घेतली गेली पाहिजे.