अंगठा आधी, वेग मागून

आमच्या थोरल्या वहिनी चार घरची धुणीभांडी करतात. गेल्या वर्षी त्यांनी लेकीसाठी जुनी गिटार विकत घेतली. लेक तीन महिन्यांत कंटाळली आणि गिटार खुंटीवर गेली. मग एका रात्री वहिनीच ती खाली काढून बसल्या. घरात हशा पिकला. लेक म्हणाली, "आई, आता या वयात?" वहिनी काही बोलल्या नाहीत. रविवारी मात्र गिटार घेऊन थेट आमच्या दारात. म्हणाल्या, "भावजी, मोबाईलवरचा पोरगा कसा सरसर वाजवतो! माझी बोटं पळतच नाहीत."

आम्ही एके काळी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार धरलेली, त्यामुळे यातले थोडेफार कळते. म्हटले, "वहिनी, बोटे पळवायचीच नाहीत. आधी अंगठा चालू द्या."

सर्वांत बारीक तार ती पहिली, असे मोजायचे. सी कॉर्ड धरावी. अंगठ्याने पाचवी तार, मग चौथी, पुन्हा पाचवी, पुन्हा चौथी. घड्याळाच्या सेकंदकाट्याबरोबर एकेक ठोका. दोन-चार दिवस एवढेच. गप्पा मारतानाही अंगठा चुकेनासा झाला, की दोन ठोक्यांच्या बरोबर मध्ये बोटे घालावीत. अंगठा पाचवीवर, मधले बोट दुसरीवर, अंगठा चौथीवर, तर्जनी तिसरीवर. हीच चाल गोल गोल फिरवायची.

सेकंदकाटा म्हणजे मिनिटाला ६० ठोके. मोबाईलवर मेट्रोनोम फुकट मिळतो. ६० ला सलग तीन मिनिटे न अडखळता वाजले तर ६४ करावे. अडखळले तर ५६ वर यावे, त्यात लाज कसली? आपले ढोलकीवालेही आधी ठाय वाजवतात, मग दुगुन.

खरी अडचण बहुधा उजव्या हाताची नसतेच. सी वरून जी कॉर्डवर जाताना डावा हात उशिरा पोहोचतो आणि अंगठा वाट बघत थांबतो. शिवाय जी कॉर्डला अंगठा पाचवीऐवजी सहाव्या तारेवर जातो. म्हणून सगळे गाणे पुन्हा पुन्हा वाजवत बसू नये. सी चे शेवटचे दोन ठोके आणि जी चे पहिले दोन, एवढाच सांधा हळूहळू दहा वेळा वाजवावा.

आणखी एक गोष्ट, जी क्लासवाले सांगत नाहीत. भांडी घासून आल्यावर बोटांची टोके पाण्याने मऊ झालेली असतात. तेव्हा पोलादी तारा दाबल्या तर कातडी सोलवटते. वहिनी आता सकाळी कामाला निघण्यापूर्वी पंधरा मिनिटे बसतात. मनगट दुखू लागले की गिटार खाली.

त्यांना आम्ही एलिझाबेथ कॉटन या बाईंची हकिकत सांगितली. जन्म १८९३ चा, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, कृष्णवर्णीय कुटुंबात. लहानपणीच लोकांच्या घरी काम करून पैसे साठवले आणि पावणेचार डॉलरला गिटार घेतली. बाई डावखुऱ्या. तारा न बदलता त्यांनी गिटार उलटी धरली, त्यामुळे जाड तारा खाली आल्या. मग खर्ज बोटांनी आणि सूर अंगठ्याने! पोरवयात त्यांनी 'फ्रेट ट्रेन' हे गाणे रचले. पुढे संसारात गिटार सुटली ती कित्येक वर्षे. वॉशिंग्टनमध्ये सीगर या संगीतकार कुटुंबाकडे घरकामाला असताना त्यांनी त्या घरातलीच गिटार हाती घेतली आणि हात पुन्हा बसवला. १९५८ साली पहिली ध्वनिमुद्रिका निघाली तेव्हा त्या साठी ओलांडलेल्या होत्या. १९८५ साली त्यांना ग्रॅमी पुरस्कार मिळाला. वहिनींनी सगळे ऐकून एकच विचारले, "मालकिणीनं गिटारला हात लावू दिला?"

काल गेलो तर वहिनी ७२ ठोक्यांवर होत्या. लेक शेजारी बसून मोजत होती. मध्येच म्हणाली, "आई, जरा मला दे ना."

"थांब, माझी तीन मिनिटं होऊ देत."